बेडुगुलच्या 'भुताच्या हॉटेला'चा परवाना कोणी विकत असेल तर आधी हे वाचा

बालीत बेडुगुलला जे पडकं हॉटेल आहे, भुताचं म्हणून ज्याचे व्हिडिओ पोरंसोरं बघत बसतात, तिथे जायला 'मालकांचा खास परवाना' लागतो असं सांगून मे २०१९ मध्ये आमच्याकडून गाडीभाड्यासकट ३७,५८५ रुपये काढले. एवढी वर्षं मी गप्प होते. घरात विषय निघाला की उठून आत जायचे. पण परवा भाचीने तिला व्हॉट्सअॅपवर आलेला परवाना दाखवला आणि माझं डोकंच फिरलं. तोच कागद! तीच गरुडाची मुद्रा, वर तेच 'इझिन मासुक', म्हणजे प्रवेश परवाना, बेडुगुलचं स्पेलिंगही तसंच चुकलेलं. फक्त तारीख नवी, आणि माणशी ७,०००चे आता ११,५०० झालेत.

मुलाची बारावी संपली होती, त्याला ते हॉटेल बघायचंच होतं. बाकीची सहल दुसरीकडून बुक केलेली, हा एक दिवस तेवढा मोकळा. एका ओळखीच्यांनी नंबर दिला. माणूस मराठी, बोलणं अगदी घरच्यासारखं. "ताई, तुम्ही काळजीच करू नका, बालीत आपला माणूस म्हणून मीच." अनोळखी देशात कोणी असं बोललं की बरं वाटतंच. तो खोटंही बोलत नव्हता, हीच तर गोम आहे. हॉटेल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बांधायला घेतलं, डोंगरावर, मोक्याच्या जागी, आणि ते रीतसर उघडलंच नाही. त्याचं नाव इंडोनेशियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या धाकट्या मुलाशी, टॉमीशी, जोडलं जातं. १९९८ मध्ये सुहार्तोंना पद सोडावं लागलं. २००२ मध्ये टॉमीला एका न्यायाधीशाचा खून घडवून आणल्याबद्दल पंधरा वर्षांची शिक्षा झाली आणि २००६ मध्ये तो सुटलाही. हे सगळं मी स्वतः शोधून पडताळलं. सगळं खरं निघालं. मग त्याने पुढे जोडलं, "मालक असे लोक आहेत ताई, न विचारता आत गेलात तर काय होईल सांगता येत नाही. परवाना काढलेला बरा." पहिलं सगळं खरं निघाल्यावर शेवटचं वाक्य कोण तपासत बसतो?

भुताच्या गोष्टीही त्यानेच रंगवल्या. मजूर राबून राबून मेले, पाहुणे एका रात्रीत गायब झाले. जे हॉटेल उघडलंच नाही, त्यातून पाहुणे गायब कसे होतील, हा साधा प्रश्न मुलाने विचारला होता. मीच त्याला गप्प केलं, मोठा माणूस बोलत होता म्हणून.

५,००० आगाऊ आणि निघायच्या आदल्या रात्री १६,०००, दोन्ही यूपीआयने, पुण्यातल्या बँक खात्यावर. नुसती गाडी चालकासकट दिवसभरासाठी पाच-सहा लाख रुपियात (रुपिया हे तिकडचं चलन), म्हणजे तेव्हाच्या तीन हजारांच्या आत मिळत होती, हे नंतर कळलं. बालीला गाडी ठरवायची तर हॉटेलच्या काउंटरवर आणि बाहेर रस्त्यावर, दोन्हीकडे विचारा. इथे बसून कोणाला पैसे पाठवू नका.

सकाळी उलुन दानू बेरातान बघितलं, तळ्यातलं ते देऊळ, पन्नास हजारांच्या जुन्या निळ्या नोटेवर ज्याचं चित्र आहे ते. तिथे खिडकी, दराची पाटी, छापील तिकीट, सगळं रीतसर. कुठल्याही अधिकृत जागी असंच असतं, हे तेव्हाच डोक्यात पक्कं व्हायला हवं होतं. दुपारी धुकं उतरलं आणि आम्ही हॉटेलच्या फाटकाशी पोचलो.

चालकाने गाडी जरा अलीकडे थांबवली आणि माणशी तीन लाख रुपिया अनामत मागितली. 'आत काही तुटलं-फुटलं तर', बाहेर आल्यावर परत. नऊ लाख दिले. आता पुढचं सांगते, तेच मला आजही झोपू देत नाही. फाटकाजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पायाशी नारळाच्या पानाच्या द्रोणात फुलं आणि विझलेली उदबत्ती. आमच्या पुढे एक गोरं जोडपं होतं. त्या मुलीने खिशातून एक जांभळी नोट काढून दिली. दहा हजारांची. आपले पन्नास रुपये सुद्धा नाहीत. त्यांनी मान हलवली, जोडपं आत गेलं. मग यांनी आमचा परवाना पुढे केला, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून आणलेला. त्या गृहस्थांनी तो हातात घेतला, उलटा करून मागची कोरी बाजू बघितली आणि परत दिला. त्यांना तो कागद काय आहे हेच कळलं नव्हतं. चालक त्यांच्या भाषेत भरभर काहीतरी बोलला, दोघे हसले, आणि आम्ही आत.

माझ्या डोळ्यांसमोर घडलं हे. ती जांभळी नोट मी बघितली. पण चालक लगेच म्हणाला, "दे स्टुडंट, डिस्काउंट." आमच्या बॅगा त्याच्या डिकीत, परतीचा रस्ता दोन तासांचा, भाषा येत नाही, यांना बीपी. अशा वेळी कोण भांडण काढतं? तुम्ही काढलं असतंत का? लोक मागून म्हणतात, कळायला नको का. फाटकाशी उभं राहून बघा एकदा.

हॉटेल बघण्यासारखं आहे, ते नाकारत नाही. उतरत्या छपरांवर शेवाळ, जिन्याच्या कठड्यांवर वेली, खोल्यांमधून धुकं आत-बाहेर करतंय. पण आमचं लक्ष कुठलं लागायला. बाहेर आलो तर खाकी जॅकेट घातलेला एक माणूस गाडीला टेकून उभा. छातीवर ना नाव, ना नंबर. परवान्यात फोटो काढायची परवानगी नाही, मुलाने व्हिडिओ काढला, दंड चाळीस लाख रुपिया, नाहीतर पासपोर्ट जमा. दुभाषा आमचा चालकच! त्याने हातापाया पडल्यासारखं करून रक्कम पंचवीस लाखांवर आणली. अनामतही दंडात गेली, वेगळी. एकूण चौतीस लाख रुपिया, रुपयाला २०५च्या दराने १६,५८५ रुपये. पावती मागितली तर म्हणे, पावती हवी तर पूर्ण चाळीस भरा. तिकडे पावतीला क्वितान्सी म्हणतात, हा शब्द पाठ करा. कोणीही गणवेशवाला पैसे मागायला लागला की क्वितान्सी मागायची आणि 'पोलीस चौकीत चला, तिथे भरतो' म्हणायचं. पासपोर्ट हातात द्यायचा नाही.

आम्ही चौकीत गेलो बरं का, त्याच संध्याकाळी. पैसे तुम्ही आपणहून दिलेत, दुभाषा घेऊन उद्या या, म्हणाले. उद्याचं आमचं विमान होतं. ते परके, त्यांचं एक वेळ सोडा. आपल्याकडे काय झालं? घराजवळच्या पोलीस ठाण्यात दोन तास बाकावर बसवलं आणि म्हणाले, गुन्हा परदेशात घडलाय. अहो, मेसेज माझ्या फोनवर आले, पैसे माझ्या घरातून गेले, खातं पुण्याचं! मेसेज पाठवून फसवलं असेल तर तो जिथून पाठवला किंवा जिथे मिळाला तिथे खटला चालतो, हे तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १८२ मध्ये लिहिलेलं होतं. यांचे वकील मित्र ते छापून घेऊन गेले. साहेबांनी कागद बघितला सुद्धा नाही. "आमच्याकडे लाखालाखाच्या केसेस पडून आहेत, तुमचे एकवीस हजार घेऊन काय बसलात?" सायबरवाल्यांनी अर्ज घेतला, पोच दिली नाही. पुन्हा गेलो तर अर्ज सापडत नाही. बँक म्हणाली पिन तुम्हीच टाकलात. म्हणजे चोराने दाराची किल्ली गोड बोलून मागून घेतली तर ती चोरीच नाही! खातेदाराचं नाव-पत्ता पोलिसांनी मागितल्याशिवाय बँक देणार नाही आणि गुन्हा नोंदल्याशिवाय पोलीस मागणार नाहीत. या चक्रात वर्ष गेलं, मग लॉकडाऊन आला, आणि तो माणूस मोकळा राहिला. त्या दिवशी त्या साहेबांनी चार ओळी लिहून घेतल्या असत्या तर आज माझ्या भाचीला तो कागद आला नसता. हे मी राग म्हणून नाही, हिशेब म्हणून सांगतेय.

आता सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० नंबर आहे. पैसे गेल्या गेल्या, त्याच तासात फोन करा, उद्यावर टाकू नका. ठाण्यात हद्दीचं कारण दिलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी नोंदवता येणारा गुन्हा, मागा आणि नकार दिला तर तो लेखी मागा. आणखी एक. १४ फेब्रुवारी २०२४ पासून बालीत परदेशी पर्यटकांना दीड लाख रुपियांचा सरकारी कर आहे, तो ऑनलाइन भरला की क्यूआर कोड मिळतो. हा भामटा आता तेच नाव पुढे करून 'टॅक्स आणि परमिट एकत्र' म्हणून विकतोय. तो कर स्वतः भरा, आणि पासपोर्टची प्रत अशा कोणाला पाठवू नका. आमच्या तिघांच्या प्रती अजून त्याच्याकडे आहेत.

भाचीने त्याला जीएसटी नंबर आणि ऑफिसचा पत्ता विचारला. दोन निळ्या टिक आल्या आणि त्याने ब्लॉक केलं. तिचे पैसे वाचले. ज्यांचे गेलेत त्यांनी यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक), चॅट आणि तो परवाना पुसू नका. खातं पुण्याचंच निघालं तर माझ्याकडे सहा वर्षांपूर्वीची सगळी कागदपत्रं फाइलला लावून ठेवलेली आहेत, एकत्र तक्रारीवर पहिली सही मी करते.