भोंगा वाजला तरी उठू नका: तुलूझच्या एर्नेस्त-वालोन स्टेडियममधला टॉप 14 रग्बी सामना

नोकरीसाठी फ्रान्समधल्या तुलूझला येऊन तीन वर्षं झाली, पण इथला रग्बी क्लब स्टाद तुलूझँचा टॉप 14 मधला (फ्रान्सची अव्वल रग्बी लीग) घरचा सामना मैदानावर जाऊन पाहिला तो या हंगामात. स्टेडियम आटोपशीर, साधारण एकोणीस हजारांचं. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू वाकून एकमेकांना रेटतात तेव्हा, खांद्याला खांदा आदळल्याचा आवाज माझ्या रांगेपर्यंत येत होता. तिकिटाचे पैसे तिथेच वसूल झाले. शाकाहारी असाल तर मात्र घरून खाऊन निघा, मला बाहेरच्या गाडीवर फक्त फ्राइज मिळाले.

पण लिहायला बसले ते शेवटच्या मिनिटासाठी. आपण आरामात जिंकत होतो, पाहुण्यांनी एक ट्राय केला (चेंडू गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला, त्याचे 5 गुण) आणि अख्खं स्टेडियम हळहळलं. जिंकतोय ना, मग दुःख कसलं? फोनवरच्या ॲपमध्ये नुसता स्कोअर. शेवटी शेजारच्या सीटवरच्या आजोबांनी सँडविचच्या कागदावर पेनने गणित मांडून दाखवलं.

लीगच्या टेबलात, म्हणजे गुणतालिकेत, विजयाला 4 गुण, बरोबरीला 2. इंग्लंडच्या रग्बी प्रीमियरशिपमध्ये चार ट्राय झाले की बोनसचा गुण खिशात, मग समोरच्याने काहीही करो. फ्रान्समध्ये प्रतिस्पर्ध्यापेक्षा तीन ट्राय जास्त लागतात, आणि तेही सामना संपताना. म्हणजे हातात आलेला बोनस निसटू शकतो! हरणाऱ्यालाही पाच किंवा त्याहून कमी गुणांनी हरल्यास 1 गुण मिळतो. पूर्वी ही मर्यादा सातची होती, 2014 पासून पाचची झाली.

आजोबांचं उदाहरण असं: घरचा संघ 28-16 ने पुढे, ट्राय चार विरुद्ध एक. टेबलात 5-0. पाहुण्यांनी ट्राय केला, 28-21. आता फरक दोनच ट्रायचा, घरच्यांचा बोनस गेला. वर कन्व्हर्जनचे (ट्रायनंतर गोलखांबांमधून मारायच्या किकचे) दोन बसले, 28-23, की पाहुण्यांना 1. निकाल तोच, पण टेबलात 4-1. ‘28-23’ खाली त्यांनी दोन रेघा ओढल्या.

मी सांगलीची, कबड्डी बघत वाढलेली. प्रो कबड्डीत कित्येक हंगाम सात किंवा कमी गुणांनी हरलं तरी एक गुण मिळायचा, आणि आठने मागे असलेला संघ शेवटच्या चढाईत त्या एका गुणासाठी जीव तोडायचा. ते आठवलं आणि आजोबांचा कागद लख्ख कळला. टॉप 14 मध्येही 26 सामन्यांनंतर पहिले सहाच संघ पुढे जातात. तिथे एकेक गुण मोलाचा.

म्हणून सांगते, मेट्रोची गर्दी टाळायला पंचाहत्तराव्या मिनिटाला उठू नका. ऐंशी मिनिटांचा भोंगा वाजला तरी चेंडू खेळात असेपर्यंत सामना चालूच असतो. जागा शक्यतो गोलखांबांच्या मागची घ्या, कन्व्हर्जनचा चेंडू थेट तुमच्याकडे येताना दिसतो. आजोबांचा तो कागद मी घरी आणलाय, फ्रिजवर लावलाय.