रबाळे एमआयडीसीतला लिक्विड नायट्रोजनवाला: ७ वर्षांचा अनुभव, ५ पैकी साडेचार स्टार

गॅसवाल्याचा एवढा मोठा रिव्ह्यू कोण लिहितं असं वाटेल, पण माझं पीएचडीपासूनचं सगळं काम आमच्या लॅबच्या कोपऱ्यातल्या एका ३५ लिटरच्या ॲल्युमिनियमच्या कॅनमध्ये आहे आणि तो कॅन दर मंगळवारी ही माणसं भरतात, म्हणून लिहितेय. नवी मुंबईत नवीन लॅब सुरू करणारे खूप जण विचारतात नायट्रोजन कुठून घेता, त्यांनाही उपयोग होईल.

मी ह्यूमन प्लुरिपोटंट स्टेम सेल्सवर काम करते, म्हणजे अशा पेशी ज्यांच्यापासून शरीरातली जवळपास कुठलीही पेशी बनवता येते, हृदयाची, मेंदूची, डोळ्याच्या पडद्याची. २००९ ला सुरुवात केली तेव्हा एच९ नावाची लाइन (एकाच मूळ गटापासून वाढवत ठेवलेल्या पेशी) हातात मिळाली, जेम्स थॉमसन यांनी १९९८ साली विस्कॉन्सिनला ज्या पहिल्या लाइन्स बनवल्या त्यातली. तेव्हा खाली उंदराच्या पेशींचा थर अंथरायचा, त्यावर या वाढवायच्या, आणि रोज मीडिया, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, बदलायचा. रोज म्हणजे रोज, रविवार नाही, दिवाळी नाही, गणपतीत आरती सोडून मी बेलापूरहून लॅबला गेलेय. जपानच्या शिन्या यामानाकांनी २००६ ला उंदराच्या आणि २००७ ला माणसाच्या साध्या पेशींत चार जीन्स घालून त्या परत स्टेम सेलच्या अवस्थेत मागे नेऊन दाखवल्या, त्याचं २०१२ ला नोबेल मिळालं, तोपर्यंत आम्हीही रक्तापासून अशा मागे नेलेल्या पेशी, म्हणजे आयपीएस, बनवायला लागलो होतो.

पण या पेशी कायम प्लेटमध्ये वाढवत ठेवता येत नाहीत. वाढता वाढता त्या बदलतात. म्हणून प्रत्येक टप्प्यावर थोड्या फ्रीझ करून ठेवायच्या, एका व्हायलमध्ये (छोट्या कुपीत) १ मिली, त्यात बर्फाने पेशी फुटू नयेत म्हणून १० टक्के डीएमएसओ, आणि मग नायट्रोजनमध्ये, उणे १९६ डिग्रीला. तिथे त्या थांबतात, वर्षानुवर्षं. नायट्रोजन संपला की मात्र गेल्या, परत फ्रीझ करून उपयोग नाही.

आमचा आधीचा सप्लायर होता (नाव घेत नाही), तो भाव करायला चांगला होता पण "उद्या नक्की मॅडम" हे त्याचं वाक्य. २०१७ च्या जुलैत पाऊस लागला, ठाणे-बेलापूर रोड तुंबला, तीन दिवस उद्या नक्की झालं, चौथ्या दिवशी मी लाकडी पट्टी टाकून बघितली तर खाली जेमतेम चार बोटं नायट्रोजन. वरच्या ११ व्हायल गेल्या होत्या. त्या एका लहान मुलीच्या रक्तापासून बनवलेल्या आयपीएस होत्या, घरात हृदयाचे ठोके चुकण्याचा आनुवंशिक आजार. सेंडाई नावाच्या व्हायरसच्या मदतीने जीन्स घालायचे, तीन आठवडे कॉलनी (पेशींचा पुंजका) दिसायची वाट बघायची, एक एक कॉलनी उचलून वेगळी वाढवायची, पेशींतून व्हायरस निघून जाईपर्यंत दहा-बारा पॅसेज करायचे (म्हणजे प्लेट भरली की पेशी नव्या प्लेटमध्ये वाटून टाकायच्या), मग तपासण्या, म्हणजे एका क्लोनला, एका कॉलनीपासून वाढवलेल्या पेशींना, चार महिने सहज. घरच्यांनी कळव्याहून येऊन फॉर्म नीट वाचून सही केली होती, "हिच्या नाही तर दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल ना" असं तिची आई म्हणाली होती. त्यांना परत रक्त मागायला फोन करायची माझी हिंमत झाली नाही. खालच्या केनवर (व्हायल अडकवायच्या पट्टीवर) त्याच मुलीच्या दुसऱ्या क्लोनच्या तीन व्हायल वाचल्या, त्यावर पुढचं सगळं उभं राहिलं.

२०१८ पासून हे रबाळ्याचे. पहिल्याच दिवशी आवडलेली गोष्ट म्हणजे वजनकाटा. कॅन भरायच्या आधी काट्यावर, भरल्यावर परत काट्यावर. एक लिटर लिक्विड नायट्रोजन साधारण ८०८ ग्रॅम, त्यामुळे किती लिटर पडला ते तिथल्या तिथे कळतं. आधीचा "३५ लिटर भरला" म्हणून बिल द्यायचा आणि निम्मा तर भरताना धूर होऊन उडालेला असायचा, तो पण आपल्याच खात्यात. यांचे कॅन भरायला येणारे काका सावकाश भरतात, आधी थोडा ओतून कॅनची मान थंड करतात, मग बाकीचा. भरून झालं की पट्टी टाकून किती इंचावर बर्फ धरला ते आमच्या रजिस्टरला स्वतः लिहितात. दोनदा त्यांनीच सांगितलं की "मॅडम हा कॅन नेहमीपेक्षा जास्त पितोय, व्हॅक्यूम गेला असेल" (कॅनच्या दोन भिंतींमधली निर्वात पोकळी, जी आतली थंडी टिकवते), आणि खरंच गेला होता. वेळेत दुसऱ्या कॅनमध्ये हलवलं, एकही व्हायल गेली नाही.

सेफ्टीचं तर विचारूच नका. लिफ्टमध्ये कॅन एकटा जातो, माणूस जिन्याने, कारण एक लिटरचा जवळजवळ ७०० लिटर गॅस होतो, वास नाही रंग नाही, बंद लिफ्टमध्ये ऑक्सिजन कमी होऊन माणूस कधी पडला ते कळतही नाही. आमच्या नवीन मुलांना हे मी सांगून ऐकत नव्हते, काकांनी एकदा लिफ्टचं दार धरून ठेवून समजावलं तेव्हापासून ऐकतात. लग्नातल्या स्मोक पानवाल्यांना ते नायट्रोजन देतच नाहीत, कितीही पैसे द्या. स्किनचे डॉक्टर आणि गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनवाले मात्र त्यांचे जुने गिऱ्हाईक.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये पास काढून दर आठवड्याला आले. २०२१ च्या एप्रिलमध्ये नायट्रोजनचे टँकर ऑक्सिजनसाठी फिरवले, जे करायलाच हवं होतं, तेव्हा त्यांनी आधीच फोन करून सांगितलं की पूर्ण नाही देता येणार, अर्धा देतो, कॅन कमी उघडा. अर्धा म्हणाले तर अर्धा दिला, आम्ही व्हायल खाली सरकवून ते दिवस काढले.

आता मला हे सगळं का एवढं वाटतं ते सांगते. पुढच्याच वर्षी आमची ती मुलीची लाइन पॅसेज ५० च्या पुढे गेली होती, पेशी एकदम जोरात वाढत होत्या, आम्ही खूश, आणि तपासणीत आलं की २० नंबरच्या क्रोमोसोमचा एक तुकडा जास्तीचा झालाय. या पेशींमध्ये हे होतं, असा बदल झालेल्या पेशी कमी मरतात म्हणून बाकीच्यांना मागे टाकतात. म्हणजे मधल्या काळाचा डेटा धरता येणार नाही. मग पॅसेज १८ ची व्हायल काढली, ३७ डिग्रीच्या पाण्यात मिनिटभर हलवली, प्लेटमध्ये रॉक इनहिबिटर नावाचं रसायन घालून टाकली, कारण तो नसेल तर सुट्या पडलेल्या पेशी बहुतेक मरतात. पाचव्या दिवशी कॉलनी दिसल्या, गोल, घट्ट, कडा चमकणाऱ्या. तपासणी नॉर्मल. त्यांच्यापासून हृदयाच्या पेशी बनवल्या आणि नवव्या दिवशी मायक्रोस्कोपखाली धडधडायला लागल्या, मधेच एक ठोका चुकत होता, तिच्या ईसीजीसारखाच. मंगळवारी काका आले तेव्हा त्यांना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ डोळा लावून बसले, मग म्हणाले "हे आपल्या कॅनमधलं?" मी हो म्हटलं.

अर्धा स्टार कापला तो ऑफिससाठी. जीएसटीचं बिल महिना महिना येत नाही आणि आमचं परचेस डिपार्टमेंट माझ्या मागे लागतं, फोनही दुपारी १ ते ३ कोणी उचलत नाही. घोडबंदर रोडला १० लिटरच्या खाली डिलिव्हरी नाही, रबाळ्याला जाऊन आणावं लागतं, आणि आणायला जाताय तर गाडीच्या काचा खाली ठेवा आणि कॅनला स्वतःचंच सैल झाकण ठेवा, घट्ट बूच अजिबात नको. रेट बाकीच्यांपेक्षा लिटरमागे एखाद-दोन रुपये जास्त आहे, मी बिनधास्त देते. पहिल्यांदा मागवत असाल तर आदल्या दिवशी दुपारी ४ च्या आत सांगा आणि नवा कॅन असेल तर रिकामा दाखवा, ते भरून एक दिवस ठेवून किती उडतो ते बघून देतात. तोपर्यंत व्हायल आत टाकू नका.