मार्किंग गेज घेताना झालेली फसवणूक

कपाटाच्या दोन खणांचे डव्हटेल सांधे (शेपटीसारखे पसरट दात एकमेकांत अडकवणारे) सरस लावून जुळवले, तेव्हा प्रत्येक कोपऱ्यावर सुमारे अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली होती आणि ती फट माझ्या हाताच्या दोषामुळे राहिली, असे मी जवळपास दोन महिने धरून चालले होते. करवत रेषेबाहेर जात असावी, पटाशी तिरकी बसत असावी, या समजुतीने मी टाकाऊ फळ्यांवर रोज संध्याकाळी सराव करत राहिले. दोष ज्या रेषेवरून मी कापत होते त्या रेषेतच होता, आणि ती रेषा ओढणारे मार्किंग गेज, म्हणजे फळीच्या कडेला समांतर रेषा आखण्याचे हत्यार, मला खोटी माहिती देऊन विकलेले होते. त्या दोन महिन्यांत माल परत करण्याची मुदतही संपून गेली. सुतारकामाला नव्याने लागलेल्या कोणाच्या वाट्याला हे येऊ नये, म्हणून घडले ते सविस्तर लिहीत आहे.

माझ्याकडे पूर्वी खिळ्याचे साधे गेज होते. लाकडाच्या तंतूंच्या दिशेने त्याची रेषा बरी उमटते, पण तंतूंना आडवे ओढले की खिळ्याचे टोक तंतू कापण्याऐवजी फाडते आणि रेषेच्या दोन्ही कडा खरबरीत होतात. डव्हटेलची मूळरेषा, म्हणजे दात जिथवर कापायचे ती रेषा, नेमकी आडवीच आखायची असते, त्यामुळे चकतीचे गेज घ्यावे असे मी ठरवले. या गेजमध्ये दांडीवर सरकणारा, फळीच्या कडेला टेकवायचा ठोकळा असतो आणि दांडीच्या टोकाला धारदार चकती स्क्रूने बसवलेली असते. ती आडवे तंतू सुरीसारखी कापते, आणि तिची उतरती बाजू ठोकळ्याकडे असेल तर कापताना ती ठोकळ्याला फळीच्या कडेवर ओढून धरते.

ज्या विक्रेत्याकडून मी ते मागवले, त्याने तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या: ठोकळा शिसवीचा, दांडी भरीव पितळेची आणि चकती पाणी दिलेल्या (तापवून कठीण केलेल्या) पोलादाची. छायाचित्रे इतकी सुरेख होती की लाकडाची रेघ न् रेघ दिसत होती. मी संदेश पाठवून तिन्ही गोष्टींची खात्री करून घेतली, तेव्हा ‘ताई, हाताने घडवलेला नग आहे, आयुष्यभर धार जाणार नाही’ असे उत्तर आले. कोणत्याही पोलादाची धार आयुष्यभर टिकत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होते. त्या वाक्यापाशीच मी थांबायला हवे होते.

गेज हातात आले तेव्हा ते जड आणि चकचकीत होते. मी एका मऊ लाकडाच्या तुकड्यावर, तंतूंच्या दिशेने, एक रेषा ओढून पाहिली. ती उत्तम आली आणि माझे समाधान झाले. आता विचार करताना वाटते, की माझी सर्वात मोठी चूक हीच होती, कारण मऊ लाकडावर तंतूंच्या दिशेने बोथट चकतीसुद्धा सुबक रेषा काढून दाखवते.

दोष सापडला तो दुसरेच काही मोजताना. 18 मिलिमीटर जाडीच्या फळीच्या कडेवर मला मध्यरेषा हवी होती. गेज अंदाजाने निम्म्यावर लावून एका बाजूने आणि मग समोरच्या बाजूने अशा दोन खुणा करायच्या आणि त्या एकमेकींवर येईपर्यंत ठोकळा सरकवायचा, ही जुनी पद्धत आहे. दोन खुणांमधले अंतर चुकीच्या दुप्पट दिसत असल्यामुळे बारीक फरकही डोळ्याला कळतो. ठोकळा पक्का करणारा स्क्रू हलका आवळलेला असताना माझ्या दोन्ही खुणा एकावर एक आल्या. तोच स्क्रू नेहमीसारखा घट्ट केल्यावर त्या पुन्हा वेगळ्या झाल्या. पाच-सहा वेळा करून पाहिले, दर वेळी तेच. ठोकळ्याचे भोक दांडीपेक्षा मोठे होते, त्यामुळे स्क्रू आवळताच ठोकळा कलंडत असे, आणि रेषा ओढताना हाताचा दाब बदलला की थोडा आणखी हलत असे. म्हणजे फळीच्या एका टोकाला मूळरेषा एका अंतरावर आणि दुसऱ्या टोकाला निराळ्या अंतरावर पडत होती. तिथवर पटाशीने कितीही काळजीपूर्वक कापले तरी कोपरा मिटणार कसा?

हा दोष उघडा पडल्यावर मी विक्रेत्याच्या तिन्ही दाव्यांचीही परीक्षा घेतली. लोहचुंबक लावताच तो दांडीला घट्ट चिकटला. पितळ चुंबकाला चिकटत नाही, तेव्हा ही पितळेचा मुलामा दिलेली लोखंडी दांडी होती. (उलट, चुंबक चिकटला नाही म्हणून ते पितळच आहे असे मात्र समजू नये, जस्ताच्या मिश्रधातूलाही तो चिकटत नाही.) स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा ठोकळ्यावर फिरवला तर बोळा तांबूस झाला, आणि स्क्रूच्या भोकाच्या आत खरवडल्यावर फिकट, रंगवलेले कुठलेसे लाकूड दिसले. शेवटी चकतीच्या कडेवर बारीक कानस चालवली. नीट पाणी दिलेल्या पोलादावरून कानस घसरते. इथे ती सहज रुतली आणि चकाकणारा कीस निघाला. दगडावर घासून धार लावली तरी कठीण लाकडावर दहा-बारा आडव्या रेषांत ती बोथट होत होती.

विक्रेत्याला हे सारे छायाचित्रांसह कळवले. त्याचे पहिले उत्तर असे, की मुदत उलटून गेली आहे. दुसरे उत्तर असे, की चकतीवर कानशीचे ओरखडे असल्यामुळे वस्तू ग्राहकानेच खराब केली आहे. ज्या चाचणीने त्याचे खोटे उघड झाले, तीच त्याने माझ्याविरुद्ध वापरली. पेटी उघडतानाचे एकही छायाचित्र माझ्याजवळ नव्हते आणि पैसे परत मिळाले नाहीत.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, की नवे गेज आल्यावर पहिल्याच दिवशी, पेटी उघडल्यापासूनची छायाचित्रे घेत, वस्तूवर ओरखडा न उठवणाऱ्या चाचण्या आधी कराव्यात. वर सांगितलेली मध्यरेषेची चाचणी सर्वांत उपयोगी, कारण तिला एक फळी आणि आपले डोळे एवढेच लागते. ती स्क्रू सैल ठेवून आणि घट्ट करून, दोन्ही प्रकारे करावी. ठोकळा आणि दांडी यांच्या कोनात गुण्या (काटकोन तपासण्याचे साधन) धरून उजेडाकडे पाहावे. रेषा कठीण लाकडावर, तंतूंना आडवी, ओढून आणि ढकलून अशी दोन्ही दिशांनी काढावी आणि तिची कड नखाने तपासावी. चुंबक लावून पाहायला तर क्षणही लागत नाही. कानस मात्र परत करण्याचा हक्क शाबूत असेपर्यंत बाजूलाच ठेवावी.

खरेदीपूर्वी विचारायचा एक प्रश्नही आता मला कळला आहे. चांगल्या चकतीच्या गेजमध्ये ठोकळ्याच्या दर्शनी बाजूला एक गोल खोबण असते आणि दांडी मागे ओढली की चकती तिच्यात पूर्ण लपते, त्यामुळे धार सुरक्षित राहते आणि अगदी कमी अंतराची रेषाही आखता येते. जाहिरातीतल्या छायाचित्रात ही खोबण होती, माझ्या हाती आलेल्या गेजमध्ये नाही. हा फरक मी पहिल्या दिवशी पाहिलाच नाही. गेल्या आठवड्यात तेच छायाचित्र मला दुसऱ्या विक्रेत्याच्या नावाखाली दिसले. मी त्याला चकती खोबणीत बसवलेल्या अवस्थेतले, त्याच्याजवळच्या प्रत्यक्ष नगाचे एक छायाचित्र पाठवण्याची विनंती केली, आणि अजून ते आलेले नाही.