दहापट भिंग आणि शिलोंड्याच्या वाटेवरचे बिनपानांचे फूल

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पावसाळी भटकंतीला जाताना गेली दोन वर्षे मी घडीचे दहापट भिंग गळ्यात अडकवतो. फोर्टमधील शास्त्रीय उपकरणांच्या एका दुकानातून साडेसहाशे रुपयांना घेतलेले हे भिंग तीन काचा जोडून केलेले आहे. त्यामुळे साध्या भिंगात कडेला दिसणारी रंगीत झालर यात जवळजवळ दिसत नाही.

त्याचे मोल मला गेल्या भाद्रपदात उद्यानातल्या शिलोंड्याच्या वाटेवर कळले. गवताच्या बुडाशी, चिलमीसारखे वाकलेले जांभळट-गुलाबी फूल बिनपानांच्या देठावर उभे होते. फोटोवरून झाडे ओळखणाऱ्या मोबाईलमधील ॲपने ते ऑर्किड असल्याचे सांगितले. मी गुडघे टेकून भिंगातून पाहिले, तेव्हा देठाच्या बुडाशी पानांच्या जागी बारीक खवले दिसले आणि फुलाच्या आत, ऑर्किडमध्ये पुंकेसर व कुक्षी (परागकण झेलणारे स्त्रीकेसराचे टोक) यांचा जो एकजीव स्तंभ असतो, तो कुठेच नव्हता. मोठी, मांसल, पिवळसर कुक्षी होती आणि तिच्यापासून वेगळे चार पुंकेसर होते. ती एजिनेशिया इंडिका होती, म्हणजे हरितद्रव्य नसलेली, गवतांच्या मुळांतून अन्न शोषणारी परजीवी वनस्पती. तो क्षण आठवला की आजही अंगावर काटा येतो.

भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवून धरावे आणि फूल साधारण अडीच सेंटीमीटरवर येईपर्यंत आपणच वाकावे. हात लांब करून पाहिल्यास काहीच स्पष्ट दिसत नाही. यात फूल तोडावे लागत नाही, ही मला सर्वांत मोठी सोय वाटते, कारण राष्ट्रीय उद्यानात तोडण्यास मनाईच आहे. वीसपट भिंगाच्या मोहात मात्र पडू नये. झाडांच्या दाट सावलीत त्यातून अंधूक दिसते आणि फुलाचा फारच थोडा भाग नजरेत मावतो.

उणिवाही आहेत. सोबत दोरी मिळत नाही आणि आवरण काळे असल्यामुळे पालापाचोळ्यात पडले की सापडत नाही; मी त्याला लाल नाडी बांधली. मुंबईच्या दमट हवेत काचेवर बुरशी धरते, म्हणून घरी आल्यावर ते कोरडे पुसून सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवावे. वर्षभरात घडीचा स्क्रू सैल झाला, तेव्हा दुकानदारांनी तो तिथल्या तिथे आवळून दिला आणि पैसे घेतले नाहीत.