कर्ज चालकाच्या नावावर, ट्रेलर शेठच्या ताब्यात

वाहतूक कंपनीने आपल्या चालकालाच गाडीचा मालक करण्याची योजना पुढे केली, की कर्ज कोणाच्या नावावर निघते आणि भाडे कोणाच्या खात्यात जमा होते, या दोन गोष्टी सही करण्यापूर्वी तपासाव्यात. आमच्या बाबतीत कर्ज माझ्या धाकट्या भावाच्या नावावर होते, जामीनदार मी होतो आणि भाड्याची सर्व बिले कंपनीच्या नावाने निघत होती. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यामुळे कंपनीचे नाव येथे देत नाही.

कळंबोलीच्या कार्यालयात योजना अशी समजावण्यात आली: मार्जिनची रक्कम, म्हणजे गाडीच्या किमतीतला कर्जाबाहेरचा वाटा, कंपनी भरेल, न्हावा शेवा बंदरातून कंटेनर वाहून मिळणाऱ्या भाड्यातून बँकेचा हप्ताही तीच परस्पर भरेल, भावाचा पगार चालू राहील आणि कर्ज फिटल्यावर ट्रेलर त्याचा होईल. त्याच बैठकीत त्याच्याकडून सह्या केलेले कोरे धनादेश आणि वाहन हस्तांतरणाचे २९ व ३० क्रमांकाचे कोरे फॉर्म घेण्यात आले. आरसी, म्हणजे गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र, कंपनीने ठेवून घेतली, फास्टॅगलाही मोबाईल क्रमांक कंपनीचाच जोडला. फॉर्म कशासाठी, असे मी विचारले तेव्हा "सगळ्यांचेच घेतो" असे उत्तर मिळाले, आणि तेवढे मात्र खरे होते.

सुरुवातीला हप्ते वेळेवर गेले. त्या काळात कंपनीचे मालक असलेले शेठ नवनव्या कंपन्या काढत होते, गोदामे भाड्याने घेत होते, आणि चालकांच्या नावावर निघालेल्या गाड्या हाच त्या विस्ताराचा आधार होता. पुढे हप्ते थकले. धंदा मंदावला आहे, ट्रेलर यार्डात उभा आहे, असे कंपनीने लेखी कळवले. परंतु नोंदणी भावाच्या नावावर असल्यामुळे अतिवेगाची ई-चलने त्याच्याच मोबाईलवर येत राहिली, तीही गुजरात आणि राजस्थानातून. यार्डात उभा असलेला ट्रेलर वेगमर्यादा मोडत नाही, हे सांगायला कायदेपंडित लागत नाही. चलनाच्या रकमेपेक्षा मोठी धास्ती विम्याची होती. विमा संपलेला असताना अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, मग गाडी प्रत्यक्षात कोणीही चालवत असो.

असा प्रकार पूर्वी मोठ्या प्रमाणावर गाजलेला आहे. सुरतच्या सिद्धी विनायक लॉजिस्टिक या कंपनीविरुद्ध, पुण्यात मुख्यालय असलेल्या बँक ऑफ महाराष्ट्रची सुमारे ८३६ कोटी रुपयांची फसवणूक केल्याचा गुन्हा केंद्रीय अन्वेषण विभागाने नोंदवला होता. 'चालक से मालक' योजनेत चालकांच्या नावावर कर्जे काढून पैसा अन्यत्र वळवल्याचा तपास यंत्रणांचा आरोप होता, आणि २०१७ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने कंपनीच्या संचालकाला अटक केली. तेथे फसवणूक झालेला पक्ष म्हणून बँक पुढे आली. आमच्याकडे मात्र बँकेची पहिली नोटीस आम्हालाच आली. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराचे दायित्व, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, कर्जदाराइतकेच असते, त्यामुळे "आधी कंपनीकडे मागा" या माझ्या उत्तराला बँकेच्या लेखी किंमत नव्हती.

पोलीस ठाण्यात "ही दिवाणी बाब आहे" असे सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले. ट्रेलर उभा असल्याचे कंपनीचे पत्र आणि त्याच तारखांची ई-चलने शेजारी शेजारी लावून अर्ज केला, तेव्हा आर्थिक गुन्हे शाखेने तो दाखल करून घेतला. थकलेल्या हप्त्यांपोटी कंपनीने दिलेला धनादेशही वटला नाही. त्यासाठी परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली, बँकेकडून धनादेश परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांच्या आत नोटीस द्यावी लागते, ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवसांची मुदत असते आणि ती संपल्यापासून एका महिन्यात तक्रार करावी लागते.

ही तक्रार केल्यानंतर कंपनीचे नादारीचे प्रकरण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात गेले आणि अशा कंपनीविरुद्धच्या कारवाया थांबवणाऱ्या, नादारी संहितेच्या कलम १४ खालील स्थगितीमुळे कंपनीविरुद्धचा खटला थांबला. तथापि धनादेशावर सही करणाऱ्या संचालकाला ही ढाल मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले असल्याने त्याच्याविरुद्धची तक्रार चालू आहे. भावाने परिवहन कार्यालयाला, आपण स्वतः हजर असल्याशिवाय त्या कोऱ्या फॉर्मवर हस्तांतरण करू नये असे लेखी कळवले असून, त्या अर्जाची पोच वकिलांकडे दिली आहे.