ओपेनहायमर: सिनेमा एक नंबर, पण तो गीतेचा सीन कशाला भो?

अणुबॉम्ब बनवणाऱ्या अमेरिकी शास्त्रज्ञ ओपेनहायमरवरचा हा पिक्चर २०२३ च्या जुलैत रिलीज झाला तेव्हाच जळगावला थेटरात पाहिला होता, रिव्ह्यू आत्ता लिहितोय कारण ग्रुपवर परत तोच वाद निघाला, की मोठ्या माणसाच्या पिक्चरमधी बेडरूम दाखवावी का नाही. आमच्या रांगेत सासरे होते, गीतेचा सीन लागल्याबरोबर त्यांना अचानक मोबाईलमधी केळीचे भाव बघायची गरज पडली, आजूबाजूलाही दोनचार स्क्रीन पटापट पेटले.

आता माझं मत. पिक्चरमधी असे दोन सीन आहेत आणि लोक दोघांना एकाच मापानं मोजताय.

पहिला, ओपेनहायमरची प्रेयसी जीन टॅटलॉक पलंगावर त्याच्याकडून गीतेतलं संस्कृत वाचून घेते तो. बर्कलेला असताना तो संस्कृत शिकला, गीता मुळातून वाचली, हे सगळं खरं. पण ते शब्द पलंगावर आणले दिग्दर्शकानं. दोघंही गेलेले, तिथं तिसरं कोणी नव्हतं, मग हे कोणाला विचारून लिहिलं? गीतेचा अपमान झाला म्हणून तेव्हा लय गाजलं, माझी तक्रार ती नाहीच. सीन काढून टाकला तरी माणूस कळायला काही कमी पडत नाही, एवढंच.

दुसरा चौकशीच्या खोलीतला. १९५४ ला, सरकारी गुपितांबाबत त्याच्यावर भरवसा ठेवायचा का नाही या सुनावणीत त्याला खरंच विचारलं होतं की १९४३ मधी तू जीनकडे रात्र काढली ना, तेव्हा तर सरकारी माणसं बाहेर पाळतीवर होती. बायको मागे बसलेली आणि तिला तो भर खोलीत उघडा दिसतो, जीन त्याच्या अंगावर आणि नजर सरळ बायकोकडे. सरकारनं घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली ती अशी दिसली, हा सीन काढला तर त्या चौकशीचा जाच कळणारच नाही. हा पाहिजेच.

आणि आपल्याकडची गंमत बघा, खुर्चीवर बसलेल्या जीनला कॉम्प्युटरवर काळा ड्रेस चढवला! चेहऱ्यावर लाईट, केसांवर लाईट, आणि खाली काळं सपाट, जसं काही कोणी डांबर फासलं. एवढंच होतं तर ‘ए’ सर्टिफिकेट द्यायचं ना, युए पाहिजे म्हणून ही ठिगळं.

तसं ‘रंगरसिया’ घ्या, रणजित देसाईंच्या ‘राजा रविवर्मा’ कादंबरीवरचा, २००८ चा पिक्चर २०१४ ला लागला. तिथं चित्रकार आणि मॉडेल हाच विषय, म्हणून ते सीन चालून जातात, रंगांचा सीन जरा लांबलाय ते सोडा. पण कादंबरीतलं आणि आयुष्यातलं वेगळं, हे पाटी लावून सांगायला पाहिजे.

उद्या कोणी आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरींवर काढला तर? ऐन तिशीत विधवा झाल्या, ते दुःख त्यांनी स्वतः ओव्यांत सांगितलंय, तेवढं दाखवा, मी पहिल्या दिवशी तिकीट काढेन. त्यापुढं मनानं काही घुसवलं तर त्यांच्या माहेरचे, आसोद्याचे लोक थेटरला कुलूप लावतील, आणि मी त्यांच्याच बाजूनं राहीन.

बाकी ओपेनहायमरची अॅक्टिंग, आवाज, चाचणीच्या स्फोटाच्या वेळची ती शांतता, तोड नाही. तीन तासाचा आहे, इंटरव्हलनंतर नुसती बोलाबोली, झोप आली तर मला बोलू नका. साडेचार स्टार. सासऱ्यांना नेऊ नका.