साप आणि पालीच्या पेटीतलं अंथरण: काही महिने वापरल्यावर काय ठेवलं, काय काढलं

माझ्याकडे तीन पेट्या आहेत. एकीत कॉर्न स्नेक, दुसरीत बॉल पायथन आणि तिसरीत लेपर्ड गेको ही ठिपकेदार पाल. तिघांच्या गरजा इतक्या वेगळ्या आहेत की एकच अंथरण तिन्हीकडे घालणं जमतच नाही. 'सर्व सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी' असं छापलेलं पाकीट दिसलं की मी ते परत जागेवर ठेवते. अंथरण कोरडं असताना सगळंच चांगलं दिसतं. ते ओलं झाल्यावर कसं वागतं आणि प्राणी त्यावर काय करतो, यावर माझं मत ठरलं.

कॉर्न स्नेकसाठी ॲस्पेन या झाडाच्या लाकडाचा भुसा वापरते. रंध्याखालून निघतात तशी पातळ, फिकट सालपटं असतात. हा साप दिवसभर अंथरणाखाली राहणारा, आणि ॲस्पेनमध्ये केलेलं बीळ ढासळत नाही. सकाळी पेटीत पाहिलं तर मागच्या कोपऱ्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत भुशाचा एक उंचवटा गेलेला दिसतो. लपायची जागा उचलली तरी बिळाचं तोंड गोल शाबूत असतं. निदान सात-आठ सेंटिमीटर थर दिला तरच हे होतं. पातळ थरावर साप नुसता भिंतीला चिकटून फिरत राहतो. विष्ठा आणि युरेटचा (घट्ट लघवीचा) पांढरा खडा आजूबाजूच्या भुशासकट चमच्याने उचलता येतो, बाकीचं कोरडंच राहतं.

तक्रार एकच, पण मोठी: पाणी सांडलं की ॲस्पेनला बुरशी धरते. दोनेक दिवसांत करडे धागे दिसतात आणि कुबट वास सुटतो. म्हणून जड भांडं, तेही सपाट फरशीच्या तुकड्यावर. ओला झालेला भाग त्याच दिवशी बाहेर. डीफ्रॉस्ट केलेला उंदीरही कागदाने टिपून फरशीवरच ठेवते, नाहीतर ओल्या केसांना सालपटं चिकटतात आणि घासाबरोबर तोंडात जातात.

तसाच दिसणारा देवदाराचा किंवा पाइनचा भुसा मात्र मी पेटीत येऊ देत नाही. त्यांचा जो वास आपल्याला छान वाटतो तो उडून जाणाऱ्या तेलांचा असतो. बंद, तापलेल्या पेटीत साप तीच हवा चोवीस तास आत घेतो, आणि ती तेलं त्याच्या श्वसनमार्गाला आणि यकृताला त्रास देऊ शकतात. देवदाराच्या बाबतीत तर सूट नाहीच. भट्टीत वाळवलेला पाइन काहीजण वापरतात. ॲस्पेन मिळत असताना मला तो धोका पत्करावासा वाटत नाही.

सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते बॉल पायथनच्या पेटीत. त्याला साधारण ६० ते ८० टक्के आर्द्रता लागते, म्हणजे ॲस्पेन बाद. इथे नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि थोडा बारीक काथ्याचा भुसा असं मिश्रण ठेवलंय. नुसता बारीक भुसा सुकला की धूळ उडते, आणि ओला असला की सापाच्या ओठांना चिकटून बसतो. तुकडे मिसळल्यावर दोन्ही त्रास कमी झाले. काथ्याच्या भुशाची दाबलेली वीट कोमट पाण्यात फुगवायची आणि मूठ घट्ट दाबली तरी थेंब पडणार नाही इतकी पिळून घ्यायची.

वरून फवारा मारणं मी बंद केलं. वरचा थर ओला होतो, तासाभरात हवा पुन्हा कोरडी पडते आणि मधल्या वेळात सापाचं पोट ओल्यावर टेकलेलं राहतं. सततच्या ओलीने पोटाखालचे खवले तांबूस-तपकिरी होऊन सडायला लागतात, आणि हा आजार एकदा धरला की पशुवैद्याकडे जावंच लागतं. त्याऐवजी पेटीच्या चारही कोपऱ्यांत, कडेने, थोडं थोडं पाणी ओतते. ते तळाशी पसरतं, वर हात ठेवला तर कोरडं लागतं, आणि बोटं खाली खुपसली की गारवा लागतो. हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) झाकणाला न लावता सापाच्या उंचीवर लावलाय. असं चालू केल्यापासून कात नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड निघते. प्रत्येक कातेवर मी डोळ्यांवरच्या दोन्ही चकत्या आणि शेपटीचं टोक तपासते. तिथे तुकडा राहिला असेल तर हवा कोरडी पडली असं समजायचं.

लेपर्ड गेकोला वाळवंटी पाल समजून मोकळी वाळू घालतात, ते मला मुळीच पटत नाही. अफगाणिस्तान, पाकिस्तान, वायव्य भारत या तिच्या मूळ मुलखात ती घट्ट माती आणि खडकांत राहते. 'कॅल्शियम वाळू' तर सगळ्यात वाईट: चव लागते म्हणून पाल ती चाटते आणि पोटात तिचा गोळा होऊ शकतो. अक्रोडाच्या कवचांचा चुराही नको, त्याला धार असते. माझ्याकडे खत आणि परलाइट (कुंडीच्या मातीतले पांढरे हलके दाणे) नसलेली साधी माती ७० टक्के, धुतलेली खेळाची वाळू ३० टक्के. ओली करून थापली, पूर्ण सुकू दिली, तेव्हा कुठे पाल सोडली. आता ती नखांनी खणते तरी पृष्ठभाग भुसभुशीत होत नाही. किडे वाटीतच देते. एका लपायच्या जागेत ओलं शेवाळ आहे, कात टाकायच्या आधी ती तिथेच जाऊन बसते. अंथरण पोटात अडकण्यामागे अपुरी ऊब, पाण्याची कमतरता आणि कॅल्शियमची उणीव हीही कारणं असतात, त्यामुळे नुसती माती बदलून भागत नाही. कृत्रिम गालिचा मी काढून टाकला: धाग्यात नख अडकतं आणि धुतला तरी घाण आत राहते.

नवीन किंवा आजारी प्राणी असेल तर मात्र साधा पेपर टॉवेल. दिसायला उघडाबोडका, पण विष्ठा कशी आहे ते लगेच कळतं, आणि पांढऱ्या कागदावर सापाच्या माइटचे (अंगावरच्या बारीक परजीवी किड्यांचे) काळे ठिपके लपत नाहीत. गडद अंथरणात ते फार उशिरा दिसतात.

पेटीखाली हीट मॅट (ऊब देणारी विजेची चटई) असेल तर थर जाड करण्याआधी थर्मोस्टॅटचा सेन्सर कुठे आहे ते पाहा. जाड थराने उष्णता वर येत नाही, काच मात्र खालून तापत राहते, आणि खणत खणत नेमका तिथेच पोचलेला साप भाजतो. माझा सेन्सर मॅटच्या वर थेट काचेला टेकवलेला आहे.

सध्या पायथनच्या पेटीत वाळकी पानं पसरून स्प्रिंगटेल सोडलेत. हे इवलेसे पांढरे जीव बुरशी खातात आणि सापाला त्रास देत नाहीत. तळाच्या ओलीला येणारी पांढरी बुरशी आता दिसेनाशी झाली आहे. विष्ठा मात्र अजूनही मीच उचलते, एवढ्या मोठ्या सापाचं काम त्यांच्यावर सोपवता येणार नाही.